फुटक्या हंड्यातली वांगी

"बाय, तू बी दिलंस, पण पाणी कुठलं घालू?" पोशेऱ्याच्या एका आजीने हा प्रश्न विचारला आणि माझी सगळी पुस्तकी तयारी गळून पडली. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेली मी, परसबाग शिकवायला निघाले होते!

पोशेरा हे मोखाडा तालुक्यातलं गाव. पावसाळ्यात धो धो कोसळतो, पण उताराची खडकाळ जमीन पाणी धरत नाही. फेब्रुवारी-मार्चपासून बायकांची हंडे घेऊन पायपीट सुरू. १९९२-९३ साली शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हापासून 'कुपोषण' हा शब्द या भागाला चिकटला तो चिकटलाच. अंगणवाडीत आहार मिळतो, मान्य. पण घरच्या ताटात नागलीच्या भाकरीसोबत हिरवी भाजी किती दिवस असते? पावसात शेवळं, कोरलं, टाकळा असतो. तो संपला की मिरची नि उडदाची डाळ. म्हणून दाराशी चार भाज्या हव्यात, एवढाच आमचा हट्ट.

पहिली चूक माझीच. जूनमध्ये सपाट जागेत वाफे करायला लावले. जुलैच्या पावसात रोपं कुजून गेली. मग त्या आजीनेच वीतभर उंच गादी करून दाखवली, कडेला दगड रचले, पाणी वाहून जायला चर ठेवला. कोंबड्या-शेळ्यांसाठी भोवती काटेरी फांद्या.

दुसरी अडचण खताची. "भरपूर शेणखत घाला" असं आपण सहज म्हणतो. इथे शेण, पालापाचोळा, फांद्या सगळं राबासाठी लागतं. भात-नागलीची रोपं करायची जागा त्यानेच भाजतात. ते भाजीला दिलं तर भाताचं काय? शेवटी शेळ्यांच्या लेंड्या, भाजीची देठं, भाताचं तूस आणि थोडी माती यांचे थर खड्ड्यात दिले. अधूनमधून ओलावा द्यायचा आणि वर-खाली करायचं. दोन-तीन महिन्यांत भुसभुशीत खत होतं. ओलं शेण मात्र थेट रोपाला घालू नका, मुळं पोळतात.

पाण्यावरचा उपाय म्हणजे कुंड्या. कुंड्या कसल्या, गळका हंडा, तेलाचा डबा, खताची रिकामी गोणी! तळाला भोकं पाडायची, त्यावर फुटक्या कौलांचे तुकडे. मग दोन पाट्या लाल माती, एक पाटी खत, एक पाटी तूस असं कालवून भरायचं. वर चार बोटं जागा सोडायची, नाहीतर पाण्याबरोबर मातीही वाहते. वांगं, मिरची एका गोणीत एकच. मोह होतो दोन-तीन लावायचा, पण मग एकही धड वाढत नाही. मेथी-कोथिंबिरीला जुनं घमेलं पुरतं. शहरातल्या मैत्रिणींनो, तुमच्या गॅलरीलाही हेच माप चालेल.

गोण्या मोरीजवळ मांडल्या. तांदूळ, भाजी, हात धुतलेलं पाणी तिथेच. राखेने घासलेल्या भांड्यांचं पाणीही चालतं, कपड्यांच्या पावडरीचं नको. वर पेंढ्याचं आच्छादन घातलं की ओल टिकते.

बियाण्यासाठी दुकानात धावायची गरज नाही, हे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवलंच आहे. गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या आजीकडेही वालाचं, काकडीचं बी राखेत घोळून ठेवलेलं निघालं.

तरी एक गोष्ट माझ्या हाती नव्हती. दिवाळीनंतर निम्मी घरं कुलूप लावून भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. बाग कोण बघणार? एका सुनेने ऐन बहरातली वांग्याची गोणी सासूकडे सोपवली आणि मिरचीच्या दोन गोण्या भांड्याकुंड्यांबरोबर ट्रकमध्ये चढवल्या. मला वाटलं, गेल्या बिचाऱ्या.

शिमग्याला ती घरी आली. मी आधी मिरचीच विचारली.

"एक मुकादमाच्या बायकोनं मागून नेली. दुसरी हाये," ती म्हणाली. "तिथं पाण्याला तोटा नाही ताई. विटांना लागतंच की."

पदराच्या गाठीत तिने मिरचीचं बी बांधून आणलं होतं.