हिवताप आणि झोपलेला विषाणू

मेळघाटात थंडी वाजून ताप भरला की बोटातल्या रक्ताच्या थेंबाने तपासणी-पट्टीवर रेघ उमटते, गोळ्या सुरू होतात, घाम फुटून ताप उतरतो आणि प्रकरण मिटले असे आपण धरून चालतो. तापकरी माणूस अमरावतीच्या इर्विनमधून किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातून एचआयव्हीची औषधे नेणारा असेल, तर मात्र ते इतक्यात मिटत नाही. एचआयव्ही सीडी4 या रोगप्रतिकारक पेशींच्या डीएनएतच स्वतःची प्रत शिवून ठेवतो. यातल्या काही पेशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. एचआयव्हीची ही औषधे, म्हणजे एआरटी, नव्या पेशींची लागण अडवतात. झोपलेल्या पेशीला ती हातही लावत नाहीत. झोपलेल्या पेशींचा हा साठा निम्मा व्हायला सरासरी 44 महिने लागतात, असे 2003 मध्ये मोजले गेले. हिवतापाचे परजीवी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा शरीर टीएनएफसारखी रसायने सोडून हाकाटी करते. त्या हाकेने पेशीत जागे होणारे एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन नेमके विषाणूच्या डीएनएवरही बसते आणि त्याचे बटण दाबते. मलावीतल्या 2005 च्या अभ्यासात हिवतापाच्या काळात रक्तातला विषाणू जवळपास दुप्पट झालेला दिसला.

ते रुग्ण एआरटीवर नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. औषध चालू असेल तर जागा झालेला विषाणू पुढे पसरत नाही. पण हाकेने पेशी नुसती जागत नाही, विभागतेही. आणि एकीच्या दोन झाल्या की शिवलेली प्रतही दोन होते. त्या वाढीत औषध अडवू शकेल अशी पायरीच नसते. म्हणून रक्तातल्या विषाणूचा रिपोर्ट चांगला असतानाही वारंवारचा हिवताप साठ्याला खतपाणी घालत असावा, असे मानायला जागा आहे. दुसरा आक्षेप असा की आफ्रिकेचा हिशेब वऱ्हाडाला कशाला? साथीच्या पातळीवर तो लागू नाहीच; केनियातल्या किसुमूइतका हिवताप इथे नाही. पण क्वचित होणाऱ्या हिवतापाविरुद्ध मोठ्या माणसांतही प्रतिकारशक्ती तुटपुंजी असते आणि ताप जोराचा येतो.

मग झोपलेल्या विषाणूला जागवूनच मारावे का? हिवतापाने मेंदूचा उपदंश बरा करण्यासाठी वाग्नर-याउरेग यांना 1927 मध्ये नोबेल मिळाले होते, आणि 1990 च्या दशकात चीनमध्ये एचआयव्हीच्या रुग्णांना मुद्दाम हिवताप देऊन पाहिला गेला. या उद्योगावर टीका झाली ती योग्यच, कारण जागी झालेली पेशी आपोआप मरत नाही. दवाखान्यातला मुद्दा साधा आहे: तापात एआरटीची गोळी चुकवू नये, आणि हिवतापानंतर लगेच केलेल्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचे प्रमाण, वाढलेला दिसला म्हणून औषध निकामी ठरवण्याची घाई करू नये. मलावीत तो आकडा पूर्वपदावर यायला आठ-नऊ आठवडे लागले होते.