घराचा नवा साज : आधी भिंतीला विचारा

दसरा आठ-दहा दिवसांवर आला की आमच्या नाचणगावात घराघरांतले सामान अंगणात येते. गाद्या उन्हात पडतात, डबे घासून पालथे घातले जातात आणि रिकाम्या घरात ओल्या चुन्याचा वास भरतो. मासिकांतून आणि मोबाइलवर ‘या हंगामात घराला नवे रूप द्या’ असे लेख येतात, ते मी आवडीने वाचते. पण त्यांतले घर नेहमी सिमेंटचे असते. आमचे घर मातीच्या भिंतींचे आणि वर कवेलूंचे. अशा घराचे नवे रूप कसे करावे, हे मला कुठल्याच लेखात सापडले नाही. ते मी चूक करून शिकले. तीच चूक माझ्या वाचक मित्रमैत्रिणींनी करू नये म्हणून हा लेख.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पहिल्या वर्षी दिवाळीला वर्गातल्या चार मैत्रिणी फराळाला येणार होत्या. त्यांची घरे मी पाहिली होती, आणि आमच्या छपरीची भिंत डोळ्यांसमोर येऊन मला लाज वाटत होती. शिकवणीचे जमवलेले एकवीसशे रुपये घेऊन मी बाजारात गेले आणि मोतिया रंगाचा ऑइलपेंट व विटांचे चित्र असलेला चिकटवायचा प्लॅस्टिकचा कागद घेऊन आले. आई म्हणाली, “रंग दे बाई, पण खालची हातभर भिंत तशीच ठेव. तिले ओल येते.” मी ऐकले नाही. भिंत खालपासून वरपर्यंत चकचकीत केली. मैत्रिणी आल्या, “छान आहे गं” म्हणाल्या, फोटो काढले. माझी दिवाळी सार्थकी लागली.

पुढच्या आषाढात भिंतीला फोड आले. रंगाखाली बोट दाबले की आत मऊ लागे. श्रावणात एका रात्री रंगासकट परातीएवढा पोपडा खाली पडला आणि त्यामागची माती चिखलासारखी ओली निघाली. आई काही बोलली नाही. तिने पोपडा उचलला, सुपात भरला आणि बाहेर टाकला. ती बोलली असती तर बरे झाले असते.

असे का झाले? मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढून घेते, दिव्याची वात तेल ओढते तशी. ही ओल भिंतीच्या पृष्ठभागातून हळूहळू हवेत निघून जाते. माती, शेण, चुना यांचे लेप तिला वाट देतात. ऑइलपेंट आणि प्लॅस्टिक ती वाट बंद करतात. मग पाणी रंगाच्या मागे साठते, त्यातले क्षार सुकताना स्फटिक होऊन फुगतात आणि रंगाला मागून ढकलतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. सिमेंटचा गिलावा मातीवर चढवला तर तेच होते. वरून भिंत पक्की दिसते, आतून ती विरघळत असते.

म्हणून नवे रूप देण्याआधी रंगाचा तक्ता पाहू नये. आधी भिंत कशाची आहे ते पाहावे. मातीच्या भिंतीला मातीचा लेप आणि चुना. विटांच्या भिंतीला चुना चालतो, पाण्यात कालवलेला रंगही चालतो. जिथे जमिनीतून ओल चढते, तिथे ऑइलपेंट कोणत्याच भिंतीला देऊ नये.

आता प्रत्यक्ष काम. भिंतीची डागडुजी भर पावसाळ्यात करू नये. पाऊस ओसरून आश्विनाचे ऊन पडले की भिंत सुकते, तोपर्यंत थांबावे. सैल झालेले पोपडे खरवडून काढावेत. लेपासाठी शेतातली काळी माती घेऊ नये. ती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते, म्हणून उन्हाळ्यात आपल्या कापसाच्या शेताला भेगा पडतात. तशाच त्या भिंतीलाही पडतील. गावठाणातली पांढरी माती चाळून घ्यावी. तीत गव्हाचे कुटार आणि शेण घालून आठवडाभर भिजत ठेवावे, रोज तुडवावे. कुजल्याने लेप चिकट होतो. शेणाने सगळे जंतू मरतात असे म्हणतात, त्यावर विसंबू नये. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, तेव्हा हाताला जखम असेल तर सारवायला बसू नये. शेणाचे खरे काम वेगळे आहे. त्यातले चाऱ्याचे बारीक तंतू मातीला धरून ठेवतात आणि भेगा पडू देत नाहीत. लेप एकदम जाड देऊ नये. पातळ द्यावा, सुकू द्यावा, मग दुसरा द्यावा.

त्यावर चुना. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की पाणी उकळते. म्हणून चुना नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. भांडे पत्र्याचे घ्यावे, प्लॅस्टिकचे नको. लहान मुलांना दूर ठेवावे, कारण चुना डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. विरलेला चुना काही दिवस पाण्याखाली ठेवून फडक्याने गाळावा. भिंतीवरून हात फिरवल्यावर पांढरा लागू नये म्हणून त्यात थोडे मीठ आणि भिजवलेला डिंक घालतात. पिवळट झाक जावी म्हणून चिमूटभर नीळ. भिंतीवर आधी पाणी शिंपडावे. पहिला हात पाण्यासारखा दिसतो, घाबरू नये. सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. भट्टीत दगडातून जे गेले ते आपल्या भिंतीवर परत येते. चुना दाहक अल्क असल्याने ताज्या लेपावर बुरशी धरत नाही, हा आणखी एक फायदा.

रंग हवा असेल तर गेरू, पिवळी माती आणि नीळ हे चुन्यात टिकतात. मी हौसेने हळद घालून पाहिली, तर बादली लाल झाली! हळदीला चुना लावून कुंकू करतात, हे माहीत असूनही माझ्या लक्षात आले नव्हते. शिवाय हळदीचा रंग उजेडाने उडतो. भिंतीच्या तळाशी हातभर उंचीचा गेरूचा पट्टा ओढावा. पावसाचे शिंतोडे त्यावर दिसत नाहीत, आणि ओलीने खराब झाला तर तेवढाच पुन्हा सारवता येतो. आई सांगत होती ती हातभर भिंत हीच.

मागच्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांबरोबर मी सेवाग्रामला गेले. नाचणगावपासून ते चाळीसेक किलोमीटर. गांधीजी तिथे १९३६ साली राहायला आले, तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. बापू कुटी ही मुळात मीराबहनची झोपडी. भिंती मातीच्या, वर कवेलू, जमीन सारवलेली. सजावट म्हणाल तर मीराबहनने ओल्या मातीतूनच भिंतीवर झाडे उठवली आहेत. वेगळा रंग नाही, वेगळी वस्तू नाही. माझ्या त्याच मैत्रिणी त्या भिंतीपाशी उभ्या राहून “किती शांत वाटतं गं” म्हणत फोटो काढत होत्या. मी मागे उभी होते. आमची भिंत याच मातीची, पण ती मी झाकली होती.

आज शहरातही वारे फिरले आहे. मोठाल्या घरांत चुन्याचा हात दिलेल्या आणि मातीच्या गिलाव्याच्या भिंती मुद्दाम करून घेतात. १२ जानेवारी २०२१ रोजी खादी व ग्रामोद्योग आयोगाने शेणापासून केलेला ‘प्राकृतिक पेंट’ बाजारात आणला. तो तयार झाला जयपूरच्या कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेत. ज्या अर्थशास्त्रज्ञ कुमारप्पांचे नाव त्या संस्थेला आहे, त्यांनी आपल्या वर्ध्यातच मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम उभे केले. ते १९३४ साली सुरू झाले. बाजारातला कोणताही रंग घेताना मात्र डब्यावरचे शिशाचे प्रमाण वाचावे. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते.

पण मातीच्या घराचे एवढे कौतुक लिहून मी थांबले तर तो अर्धाच खरेपणा होईल. हा लेख मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “तुमाले फोटो काढाले मातीचं घर चांगलं. मले स्लॅबचं पाह्यजे.” तिचे गुडघे दुखतात. भिंत वर्षातून एकदा, पण जमीन दर आठवड्याला सारवावी लागते, आणि सारवण हे काम बायकांचे, असे आमच्याकडे धरूनच चालतात. डब्यातला रंग आणला की मात्र ब्रश हाती घ्यायला पुरुष पुढे येतात. आमचे नाव घरकुलाच्या यादीत आहे. ते मंजूर झाले तर ही भिंत पडेल, आणि आईला त्याचे वाईट वाटणार नाही. मग मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटून घेण्याचा काय अधिकार?

तेव्हा यंदा आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. रांधायच्या खोलीत फरशी बसवली, म्हणजे तिथले सारवण संपले. आणि छपरीच्या भिंतीचे काम मी आणि धाकट्या भावाने केले. राहिलेला ऑइलपेंट खरवडायला आम्हांला तीन दिवस लागले. आई खाटेवर बसून सांगत होती : पाणी कमी कर, हात वरून खाली आण, कोपरा राहिला. उद्या विटांचे घर झाले तरी त्यालाही चुना देता येईल, आणि हे काम आता तिघांना येते.

गेरूचा पट्टा भावाने ओढला आहे. थोडा वाकडा आहे. या दिवाळीलाही मैत्रिणींना फराळाला बोलावले आहे.