बोटीच्या सहलीला निघण्यापूर्वी

“समुद्रच दिसाचो नाय, तर बोटीत बसूचा कित्याक?”

सासूबाईंचा हा प्रश्न ऐकला आणि मी हातातला फोन खाली ठेवला. तीन दिवस खपून मी मुंबई-गोवा-मुंबई सहलीतली सगळ्यांत स्वस्त खोली शोधून काढली होती. तिला खिडकी नव्हती. ‘रात्री झोपायलाच तर जायचं, खिडकी हवी कशाला?’ असा माझा गृहिणीचा हिशेब! पण सासूबाई पडल्या वेंगुर्ल्याच्या. १९७२ साली लग्न होऊन त्या मुंबईला आल्या त्या बोटीनं, आणि पुढंही बाळंतपणाला माहेरी गेल्या त्या बोटीनंच. संध्याकाळी खोपोलीपासून सुरू होणाऱ्या एस.टी.च्या वळणांपेक्षा त्यांना बोट बरी वाटायची. आता पंचाहत्तरी झाली, तेव्हा ‘एकदा बोटीत बसव,’ एवढंच त्यांनी मुलाकडे मागितलं होतं.

मैत्रिणींनो, हल्ली हिला ‘क्रूझ’ म्हणतात. शेजारीपाजारी, नात्यागोत्यात कुणी ना कुणी जाऊन आलेलं असतं, फोटो दाखवतं आणि आपल्यालाही वाटतं, जावं एकदा. जरूर जावं. पण आगगाडीचं तिकीट काढावं तसं हे तिकीट काढू नये, हे मी थोडं ठेचकाळूनच शिकले. आपल्यातलं सगळ्यांत नाजूक माणूस कोण, ते आधी ठरवावं आणि त्याच्या सोयीनं तारीख, खोली, बंदर सारं निवडावं. बाकीचे आपोआप सामावतात.

पहिला प्रश्न तारखेचा. सासूबाईंच्या माहेरी एक नियमच होता, पावसात बोटीचं नाव काढायचं नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर कोकणातल्या कितीतरी घरांनी हा नियम पाळला. कोकणच्या बोटीही पावसाळ्यात बंदच असायच्या. आजची जहाजं त्या मानानं डोंगराएवढी, तरी पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो तो असतोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी शांत, हवा सुखद. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुटी या दिवसांत भाडं चढतं. शाळेच्या वेळापत्रकात अडकलेली मुलं घरात नसतील, तर जानेवारीतली, मधल्या वारी निघणारी फेरी पाहावी. आम्ही तीच घेतली.

खोली कोणती घ्यावी?

इथं मात्र घाई करू नका. खोल्यांचे ढोबळ चार प्रकार. आतली, म्हणजे बिनखिडकीची; खिडकीची, पण ती उघडत नाही; बाल्कनीची; आणि श्रीमंतांची, म्हणजे दिवाणखान्यासकट. भाडं त्याच क्रमानं वाढतं. पण खोली कुठल्या मजल्यावर, पुढं की मागं, याला प्रकाराइतकंच महत्त्व आहे. पाळण्याच्या टोकाला बसलं की जास्त झोका लागतो ना? जहाजाचंही तसंच. टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हलणं जास्त जाणवतं. मध्यभागी, खालच्या बाजूला कमी. ज्यांना गाडी लागते त्यांनी हौसेनं वरची बाल्कनी घेऊ नये. खालची, मधली, खिडकीची खोली त्यांच्यासाठी चांगली.

जहाजाचा मजलावार नकाशा मागून घ्या. आपल्या खोलीच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, ते बोट ठेवून पाहा. मी हे पाहिलं नाही. थोडं स्वस्त पडतं म्हणून ‘खोलीचा नंबर मागाहून कळवू’ अशा बोलीवर तिकीट काढलं. खिडकी मिळाली, सासूबाई खूश झाल्या. पण डोक्यावर नेमकं नाचाचं दालन आलं! रात्री दोनपर्यंत धुम्‌ धुम्‌ धुम्‌. सासूबाई कानात कापूस घालून झोपल्या. मी छताकडे बघत वाचवलेल्या पैशांचा हिशेब करत होते.

आणखी एक गोष्ट. ‘तिघांची खोली’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तीन पलंग येतात. तसं नसतं. तिसरी, चौथी जागा बहुधा भिंतीतून खाली येणाऱ्या फळीवर, शिडी चढून. आमच्याकडे तो मान ‘ह्यां’च्याकडे गेला. पोट सांभाळत ते चढले खरे, पण पहाटे उतरताना शिडी दिसेना. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर त्याला खालचा पलंग मिळेल का, न्हाणीघराचा उंबरा केवढा, लिफ्ट किती लांब, हे फोनवर विचारावं. लाजू नये. चाकाची खुर्ची हवी असेल तर तीही तिकीट काढतानाच सांगावी.

जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेलं भाडं हे माणशी असतं, आणि तेही एका खोलीत दोघं धरून. एकटी बाई निघाली तर तिला जवळपास दोघांचं भाडं पडू शकतं. त्या आकड्यावर बंदराचा आकार, कर आणि नोकरवर्गाची बक्षिशी चढते. म्हणून विचारताना ‘भाडं किती?’ असं विचारू नका. ‘आम्ही तिघं, ही खोली, सगळं धरून हातात पावती येईल ती कितीची?’ असं विचारा आणि तो आकडा लिहून मागा. आमच्या मध्यस्थानं तोंडी सांगितलेला आणि पावतीवरचा आकडा यांत इतकं अंतर होतं की ‘हे’ दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

मुख्य भोजनगृहातलं चारी ठाव जेवण, नाश्ता, चहा, बरेचसे करमणुकीचे कार्यक्रम आणि पोहण्याचा तलाव हे बहुधा भाड्यात येतं. शीतपेयं, मद्य, खास उपाहारगृहं, मालीश, इंटरनेट आणि बंदरावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. खोलीच्या किल्लीचं कार्डच दाखवायचं आणि सारं आपल्या खात्यावर मांडलं जातं. पैसे हातातून जाताना दिसत नाहीत म्हणून खर्चाचं भान सुटतं. तरुण मुलं बरोबर असतील तर त्यांच्या कार्डाला मर्यादा घालता येते का, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

तिकीट रद्द केलं तर काय, हेही आधीच वाचावं. निघायचा दिवस जवळ येईल तशी कापून घेण्याची रक्कम वाढत जाते आणि अगदी शेवटी काहीच परत मिळत नाही. घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तर प्रवासाचा विमा काढायला हात आखडू नये. त्याला आधीपासून असलेलं दुखणं विम्याच्या कागदात चालतं की नाही, तेही पाहावं. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी लागते. गर्भवती मैत्रिणींनी लक्षात ठेवावं की चोविसावा आठवडा लागला की बहुतेक जहाजं घेत नाहीत. आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळही नाही.

सामानाचं थोडक्यात सांगते. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि त्या खोलीत पोचायला दोन-चार तास लागतात. म्हणून औषधं, चष्मा, ओळखपत्र, एक साडी आणि शाल हातातल्या पिशवीत ठेवा. शाल कशाला म्हणाल, तर आतली वातानुकूलित हवा चांगली झोंबते. इस्त्री, पाणी तापवायची किटली, निरांजन, उदबत्ती, सुरी यांतलं काही नेऊ देत नाहीत. घरचं खाणंही बहुधा अडवतात. माझा बेसनाच्या लाडवांचा डबा तपासणीत राहिला, दुकानातून आणलेलं बंद पाकिटातलं आलेपाक मात्र सुटलं. शाकाहारी, जैन, बिनकांद्याचं असं जेवण हवं असेल तर ते तिकिटाच्या वेळी नोंदवावं. आणि किनारा सोडला की मोबाईल ‘विमान’ खुणेवर टाका. नाहीतर तो जहाजाच्या महागड्या यंत्रणेला जाऊन चिकटतो आणि बिल घरी आल्यावर कळतं.

सुटण्याआधीचा भोंगा

बॅलार्ड पियरला चढलो, सरबत पुढं आलं, आणि इतक्यात सूचना झाली की सर्वांनी आपापल्या जमण्याच्या ठिकाणी यावं. ‘हे’ म्हणाले, “तुम्ही जाऊन या, मी इथं बसतो.” तसं करू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आपटून कलंडलं. बत्तीस माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी प्रवाशांची ही कवायत व्हायचीच होती. तेव्हापासून नियम कडक झाला, सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी ती झालीच पाहिजे. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण. आपला जमण्याचा मजला कुठला आणि जिन्यानं तिथं कसं जायचं, हे म्हाताऱ्या माणसाला एकदा चालवून दाखवावं, कारण संकटात लिफ्ट वापरायची नसते. सासूबाईंनी जीवरक्षक जाकीट घालून पाहिलं आणि त्यांना आपल्या तरुणपणीच्या बोटीतल्या रबरी कड्यांची आठवण झाली.

बोट लागण्याचं सांगायचं राहिलंच. सासूबाईंना लागेल म्हणून मी डॉक्टरांना विचारून गोळ्या आणल्या होत्या. त्या विचारूनच घ्याव्यात, कारण काही गोळ्यांनी झोप येते आणि म्हातारपणी त्या बाधतात. पण अंधार पडला, जहाज खुल्या समुद्रात आलं आणि लागली ती मला! खोलीत पडून राहिले तर आणखीच वाईट. कारण असं, की कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं ‘हलतंय’ आणि डोळ्यांपुढची भिंत सांगते ‘स्थिर आहे’. सासूबाईंनी मला दंडाला धरून उघड्या मजल्यावर नेलं, तोंडात आलेपाकाची वडी दिली आणि म्हणाल्या, “लांब बघ. खाली बघू नको.” क्षितिजाकडे, नाही तर लांबच्या दिव्याकडे बघत राहिलं की खरंच उतार पडतो. पोट रिकामंही ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. सुकी बिस्किटं, ताक नको, तळलेलं नको. गोळी घ्यायचीच तर बोट सुटण्याआधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. जेवणाच्या रांगेत उभं राहण्यापूर्वी हात साबणानं धुवावेत. जहाजावर पोटाचे आजार झपाट्यानं पसरतात आणि नुसत्या जंतुनाशक जेलनं भागत नाही.

मुंबई ते मार्मागोवा अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे चारशेच्या वर किलोमीटर. संध्याकाळी निघालं की उजाडताना वेंगुर्ल्याच्या समोरून जायचं. सासूबाई पहाटे पाचलाच शाल घेऊन कठड्याशी. मी वर गेले तेव्हा त्या एका खलाशाला वेंगुर्ल्याच्या खडकांवरचं दीपगृह विचारत होत्या. तो केरळचा. त्यानं मान डोलावून लांबच्या एका दिव्याकडे हात केला. तोच होता की कुठल्या मच्छीमार होडीचा, देव जाणे. सासूबाईंनी हात जोडले.

गोव्यात जहाज धक्क्यालाच लागतं, हे आम्ही मुद्दाम पाहून घेतलं होतं. आम्हांला कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरायची होती. जहाजाच्या सहलीत ते देऊळ नव्हतं, म्हणून बाहेरून गाडी केली. इथं एक मेख आहे. जहाजानं काढलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या गाडीसाठी ते थांबत नाही. परत चढण्याची शेवटची वेळ ही सुटण्याच्या वेळेच्या आधीची असते. आम्ही तिच्याही दोन तास आधी परतायचं ठरवलं होतं. तरी ‘ह्यां’नी वाटेत काजू घेण्यात पाऊण तास घालवला आणि वास्कोच्या रस्त्यात गाड्या तुंबल्या. सासूबाई मागच्या सीटवर जप करत होत्या. मी घड्याळ बघत होते. पंचवीस मिनिटं राखून पोचलो.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्यांत सकाळी घालायचे कपडे भरू नका! खात्याचा हिशेब झोपण्यापूर्वी मागून ओळ न्‌ ओळ तपासा, सकाळी खिडकीवर फार गर्दी होते. आमच्या हिशेबात न घेतलेली दोन शहाळी होती. सांगितल्यावर लगेच कमी केली.

घरी येऊन पंधरा दिवस झाले आणि सासूबाईंनी लक्षद्वीपच्या बोटीची जाहिरात कापून माझ्यापुढं ठेवली. मी चौकशी केली. तिथं जायला आपल्यालाही परवाना लागतो. सहलीबरोबर तो काढून देतात का, ते आधी विचारावं लागतं. पाणी उथळ म्हणून मोठं जहाज लांब उभं राहतं आणि लहान होडीतून बेटावर जावं लागतं. लाटा असतील तर उतरणंच रद्द होतं आणि त्याचे पैसे परत मिळतीलच असं नाही. मी म्हटलं, “आई, हलत्या होडीत पाय टाकायचा. गुडघ्यांचं काय?”

जुनी बोट वेंगुर्ल्याला बंदरात येत नसे. लांब उभी राही, आणि एक खलाशी वरून दंडाला धरून सोडी, दुसरा खाली पडावात झेली. कडेवर सहा महिन्यांचे ‘हे’ असताना त्या तशा उतरल्या होत्या.

“पडावात उतराक माका शिकवू नको,” त्या म्हणाल्या.

गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली आहे. खोली या खेपेला नंबर पाहूनच घेणार आहे.