विश्लेषण : छोट्या शिडाच्या होडीत इंधनाची टाकी ठेवायची कुठे?

शिडाच्या होडीला इंजिन कशाला, असे वाटू शकते. पण वारा पडला आणि ओहोटी सुरू झाली की शीड नुसते लटकते आणि होडी पाणी नेईल तिकडे जाते. अशा वेळी धक्क्याला लागायचे तर इंजिन हवेच. १८ ते २५ फुटांच्या बऱ्याच होड्यांत ते मागच्या फळीला अडकवलेले पेट्रोलचे आउटबोर्ड असते आणि सोबत एक सुटी टाकी. जागा कमी, म्हणून ही टाकी दिसेल त्या कोपऱ्यात सारली जाते. चूक इथेच होते.

धोका नेमका कशाचा?

सांडलेल्या पेट्रोलपेक्षा त्याच्या वाफेचा. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. रस्त्यावर पेट्रोल सांडले तर वाफ वाऱ्यावर विरून जाते. होडीचा तळ मात्र खालून बंद. वाफ तिथे उतरते आणि बसून राहते, स्वयंपाकघरात गळालेला सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचतो तशी. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झाले की एक ठिणगी पुरते. आणि केबिनमध्ये बॅटरी, दिव्याची बटणे, पाणी उपसणारा पंप असे ठिणगी पाडणारे सगळेच असते.

मग जागा कोणती?

सुकाणू धरणारा बसतो त्या उघड्या भागात, म्हणजे कॉकपिटमध्ये. बाकाखालच्या खणात ठेवायची असेल, तर खण आणि केबिन यांच्यात एकही फट नको. वायरसाठी पाडलेले भोकसुद्धा बुजवलेले हवे. खणाच्या अगदी तळाशी बाहेर समुद्राकडे उघडणारी वाट हवी, अर्थात पाण्याच्या रेषेच्या वर. फक्त झाकणाला जाळी बसवून भागत नाही, कारण जड वाफ आपणहून वर चढत नाही. होडी कलली तरी टाकी घसरू नये म्हणून ती पट्ट्याने बांधावी.

वजनाचे काय?

पेट्रोल लिटरला पाऊण किलो. २५ लिटरची भरलेली टाकी २० किलोच्या आसपास जाते. मागे आधीच इंजिन आणि माणूस; त्यात ही भर पडली की होडीची मागची बाजू दबते आणि वेग मंदावतो. म्हणून टाकी पुढे केबिनमध्ये न्यायचा मोह होतो. तोलासाठी ते ठीक, वाफेचा विचार करता आत्मघातकी. त्यापेक्षा १२ लिटरची टाकी घ्यावी आणि त्याच बंदिस्त खणाच्या पुढच्या टोकाला ठेवावी. नळी थोडी लांब लागेल, इतकेच. एवढ्याशा होडीत पेट्रोलची पक्की टाकी बसवण्याचा खटाटोप आम्हाला तरी पटत नाही. सुटी टाकी धक्क्यावर उतरवून, जमिनीवर ठेवून भरता येते. सांडले तरी होडीत सांडत नाही.

डिझेल असेल तर?

डिझेलची वाफ इतक्या सहज पेटत नाही, त्यामुळे तिथे वजनाचा विचार आधी. टाकी खाली, मधोमध, कॉकपिटच्या तळाखाली. होडी २०-२५ अंश कलते तेव्हा हवेच्या नळीचे तोंड पाण्याखाली जाणार नाही, हे पाहावे. डिझेलमध्ये खारे पाणी शिरले की इंजिन नेमके गरजेला बंद पडते.

केबिनचे दार उघडताच पेट्रोलचा वास आला, तर कोणतेही बटण दाबू नये, पंपाचेही नाही. आधी टाकी धक्क्यावर उतरवावी, सगळी झाकणे उघडावीत आणि वारा आत खेळू द्यावा.