चौतिशीत सापडलेले शब्द

पुपी आवाती हे इटलीतल्या नामवंत चित्रपट दिग्दर्शकाचं नाव. तरुणपणी मात्र त्याला जॅझ वादक व्हायचं होतं. बोलोन्या शहरातल्या एका हौशी बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा. एक दिवस त्याच बँडमध्ये एक बुटका, वयाने लहान मुलगा आला. त्याची फुंक ऐकली आणि आवातीला कळून चुकलं, की आपण कधीच इतके पुढे जाणार नाही. त्याने संगीताचा नाद सोडला. तो मुलगा म्हणजे लुचो दाल्ला.

दाल्लाचा जन्म १९४३ चा. वडील लहानपणीच गेले. आईने शिवणकामावर घर चालवलं. संगीत त्याच्या अंगातच होतं, पण गायक म्हणून जम बसायला वेळ लागला. १९६६ सालचा पहिला अल्बम फारसा चालला नाही. १९७१ च्या सानरेमो गीत महोत्सवात मात्र नशीब उघडलं. परक्या सैनिकापासून मूल झालेल्या एका अविवाहित मुलीची कथा सांगणारं त्याचं गाणं तिसरं आलं. मूळ नावात बाळ येशूचा उल्लेख होता, तो सेन्सॉरला खटकला. मग गाण्याला दाल्लाची जन्मतारीखच नाव म्हणून दिली गेली: ‘४ मार्च १९४३’. शब्द पाओला पालोत्तीनो हिचे होते.

पुढे तीन अल्बम त्याने कवी रोबेर्तो रोव्हेर्सीबरोबर केले. कारखाने, प्रदूषण, मोटारी असे विषय पॉप संगीतात आणायला धाडसच लागतं. पण तिसऱ्या अल्बमच्या वेळी मतभेद झाले आणि रोव्हेर्सीने त्यावर स्वतःचं नावही येऊ दिलं नाही. जोडी फुटली.

आता लिहायचं कोणी? १९७७ साली, चौतिसाव्या वर्षी, दाल्लाने स्वतःच लेखणी उचलली. ‘कोमे प्रोफोंदो इल मारे’, म्हणजे ‘किती खोल हा समुद्र’, हा त्याचा अल्बम आला आणि इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्यांचे शब्द का गात होता, असा प्रश्न पडावा, असं लेखन त्यात होतं. १९७९ च्या अल्बममधलं नव्या वर्षाबद्दल दूरच्या मित्राला लिहिलेलं पत्र घ्या, किंवा उपनगरातून पळून जाऊ पाहणारे आन्ना आणि मार्को. साध्या माणसांच्या मनातली धुगधुगी इतक्या मायेने टिपणारा गीतकार पॉपच्या दुनियेत विरळाच.

‘कारुसो’ या त्याच्या गाण्याचा जन्म तर योगायोगाने झाला. १९८६ मध्ये सोरेंतोजवळ दाल्लाची बोट बिघडली. मुक्कामाला मिळालेल्या हॉटेलात पूर्वी महान गायक एन्रिको कारुसो उतरला होता. त्याच्या अखेरच्या दिवसांच्या आठवणी तिथे दाल्लाच्या कानावर आल्या, आणि त्यातून मरणाच्या दारातल्या गायकाचं प्रेमगीत उभं राहिलं. कडवी इटालियनमध्ये, धृपद नापोलीच्या बोलीत. पुढे ऑपेरा गायक लुचानो पाव्हारोत्तीने ते गायलं आणि ऑपेराचे रसिकही दाल्लाचे झाले.

१ मार्च २०१२ रोजी स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो इथे हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. आदल्या संध्याकाळी त्याच गावात त्याचा कार्यक्रम झाला होता.