स्टेपलटन रोडचे डॉक्टर

ऑगस्ट 1896. ओव्हलवरची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी तोंडावर आलेली असताना इंग्लंडच्या पाच व्यावसायिक खेळाडूंनी दहाऐवजी वीस पौंड मानधन मागितलं. तिघे नमले, बिली गन आणि जॉर्ज लोमन खेळलेच नाहीत. कर्णधार होते डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस, म्हणजे ‘हौशी’ खेळाडू. त्यांच्या कमाईची कुजबुज इतकी वाढली की ग्रेसना खर्चापोटी दहाच पौंड मिळतात, असा खुलासा ओव्हलच्या यजमान सरे क्लबला करावा लागला.

त्या सामन्यापुरता तो खरा असेलही. पण 1873-74च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी याच हौशी खेळाडूने 1500 पौंड घेतले होते, 1891-92च्या दौऱ्यासाठी 3000. वर 1895मध्ये चाहत्यांनी 9000 पौंडांहून मोठी थैली दिली. हौशी कोण हे पैशावरून नव्हे, घराण्यावरून ठरत होतं. ग्रेस डॉक्टरांचे चिरंजीव आणि स्वतः डॉक्टर, म्हणून ते ‘जंटलमन’. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो आणि त्याचं माप लोमनसारख्यांच्या पदरात पडलं.

म्हणून त्यांची डॉक्टरकी नावापुरती होती असं मात्र नाही. ब्रिस्टलला 1868मध्ये सुरू झालेलं शिक्षण क्रिकेटपायी रखडत 1879मध्ये एकदाचं पुरं झालं. त्याच वर्षी लॉर्ड्सवर त्यांचा सत्कार होऊन 1458 पौंड मिळाले, ते दवाखान्यासाठीच. ब्रिस्टलच्या कामकरी वस्तीतल्या स्टेपलटन रोडवर त्यांनी बस्तान बसवलं. बार्टन रेजिस युनियन या गरिबांना मदत देणाऱ्या स्थानिक संस्थेचे वैद्यकीय अधिकारी म्हणून तिथल्या गोरगरिबांचे उपचारही त्यांच्याकडेच होते. उन्हाळ्यात मात्र रोगी बदली डॉक्टरांच्या हवाली.

तरी कधी कधी दोन्ही कामं एकमेकांत मिसळत. 1885च्या ऑगस्टमध्ये रात्रभर रोग्याच्या उशाशी जागून ते क्लिफ्टनच्या मैदानावर आले आणि मिडलसेक्सविरुद्ध नाबाद 221 धावा काढल्या. 1887मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर चेंडू अडवायला धावलेला क्रूम हा सहकारी कुंपणावर आदळला आणि लोखंडी टोक त्याच्या गळ्यात घुसलं. टाके घालायला सुई हाताशी नव्हती. ती येईपर्यंत ग्रेसनी जखमेच्या कडा बोटांनी घट्ट जुळवून धरल्या, सुमारे अर्धा तास, हात जराही न हलवता. क्रूम वाचला. ग्रेसच्या पन्नास हजारांहून अधिक धावांइतकंच मोल मी त्या अर्ध्या तासाला देतो.

1899मध्ये ग्रेस ब्रिस्टल सोडून लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या नव्या क्लबाचं काम पाहायला गेले आणि दवाखाना मागे पडला. आता पोट क्रिकेटवरच होतं, पण दर्जा बदलला नाही. जुलै 1906मध्ये, आपल्या अठ्ठावन्नाव्या वाढदिवशी, त्यांनी ओव्हलवर 74 धावा केल्या. सामना होता जंटलमन विरुद्ध प्लेयर्स, म्हणजे हौशी विरुद्ध व्यावसायिक, आणि ग्रेस अर्थातच जंटलमनांकडून खेळत होते.