पाकिटातली मोटार
सावध ग्राहक : भाग ७

मागच्या भागात विम्याच्या बोनसचं आमिष दाखवणारे फोन पाहिले. आता पोस्टाने येणारं पाकीट. फोन कापता तरी येतो. पाकीट टीव्हीशेजारी आठवडाभर पडून असतं आणि दुपारी, घर रिकामं असताना, पुन्हा पुन्हा वाचलं जातं.

आत एखाद्या नामांकित ऑनलाइन दुकानाच्या नावाचं गुळगुळीत पत्र. त्या बिचाऱ्या दुकानाला पत्ताही नसतो. वर तुमचं पूर्ण नाव, खाली गोल शिक्का, निळ्या शाईत छापलेली सही आणि स्क्रॅच कार्ड. नाण्याने खरवडलं की मोटार लागते. सगळ्यांनाच लागते. ‘हेल्पलाइन’ म्हणून दिलेला असतो साधा दहा आकडी मोबाइल नंबर. फोन केला की आधी अभिनंदन, मग नोंदणी शुल्क, मग जीएसटी, मग आयकर.

“अरे, रजिस्टरने आलंय, खोटं कसं असेल?” पुण्याच्या कोथरूड-सहकारनगरातल्या आजी-आजोबांचं हे म्हणणं भोळेपणाचं नाही. नोकरीची ऑर्डर, फ्लॅटचं खरेदीखत, पेन्शनचे कागद, एलआयसीच्या पावत्या, त्यांच्या आयुष्यातलं मोलाचं सगळं कागदावरच आलं. रजिस्टर टपाल २०२५मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, पण सही करून घेतलेल्या पाकिटाचा दरारा तसाच आहे. पोस्टमन पाकीट पोचवतो. आतला मजकूर तपासणं त्याचं काम नव्हे.

यातली आयकराची मेख नीट समजून घ्या. बक्षिसावर ३० टक्के कर असतो. दहा हजारांवरच्या रोख बक्षिसातून देणाराच तो कापून घेतो. वस्तू मिळणार असेल तर ती हातात पडण्याआधी कर भरलेला असावा लागतो, हेही खरं. भामटे नेमकं तिथेच बोट ठेवतात. पण हा कर सरकारी खात्यात जमा होतो, कुणा ‘मॅनेजर’च्या बचत खात्यात नाही.

अमेरिकेत तर खऱ्या कंपन्याच असली पत्रं पाठवत. ‘तुम्ही जिंकलात’ ठसठशीत, ‘जर तुमचा क्रमांक निघाला तर’ बारीक. १९९७-९८च्या सुमारास काही वृद्ध बक्षीस घ्यायला विमानाने थेट फ्लोरिडातल्या टॅम्पाला पोचले. १९९९मध्ये अमेरिकेत यासाठी कायदा झाला. आपल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात परिपत्रक, वेष्टन, अगदी बिलसुद्धा ‘जाहिरात’ ठरतं. दिशाभूल केल्यास दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. पण दंड ठोकायला कंपनीचा पत्ता लागतो. मोटारवाल्यांना तो नसतोच.

ग्राहक पंचायत १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात सुरू केली. दुकानदाराशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा पुणेकर इथे मात्र गप्प बसतो, कारण ‘गाडी मिळेपर्यंत कुणाला सांगू नका’ अशी तंबी मिळालेली असते. त्यात मुलगा हिंजवडीहून फोनवर खेकसतो, “बाबा, एवढंही कळत नाही?” पुढचं पाकीट मग कपाटात, साड्यांच्या घडीखाली जातं. पैसे भरल्याचं घरात कळतं ते पासबुक भरून आणल्यावर.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर हेल्पलाइन १९३० वर कळवा; समोरच्या खात्यात रक्कम असेपर्यंतच ती गोठवता येते. खऱ्या कंपनीच्या फसव्या पत्रकाची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करा. पाकीट मात्र फाडू नका. कुठल्या गावाहून निघालं, ते पोस्टाच्या शिक्क्यावर असतं आणि पोलिस तेच आधी विचारतात.

(पुढील भागात : पेट्रोल पंपावरचं कूपन आणि ‘जोडीने या’ म्हणणारं हॉटेल)